गाडी माझी, हप्ता माझा. मग मी कामगार कसा?

प्रश्न : ठाणे जिल्ह्यात राहणारे ३६ वर्षांचे एक वाचक टपाल-पार्सल वाटपाचे काम करतात. पाच वर्षांपूर्वी कर्ज काढून त्यांनी छोटा हत्ती (छोटा मालवाहू टेम्पो) घेतला आणि एका ठेकेदारामार्फत एका मोठ्या वितरण संस्थेच्या हबवर, म्हणजे पार्सले जिथून वाटपाला निघतात त्या केंद्रावर, लावला. (संस्थेचे नाव त्यांनी कळवले आहे, ते येथे देत नाही.) पोहोचलेल्या पार्सलमागे त्यांना १८ रुपये मिळतात, परत आलेल्या किंवा दार बंद असल्यामुळे न दिलेल्या पार्सलचे काहीच मिळत नाही. हबवर ३८ चालक आहेत, त्यांपैकी २४ स्वतःच्या गाडीवर आणि १४ ठेकेदाराच्या गाडीवर महिना पगाराने. गेल्या पावसाळ्यात एका सहकाऱ्याची गाडी घसरली, पाय मोडला आणि तो तीन महिने घरी बसला. दुसऱ्याच दिवशी त्याच्या रूटवर वेगळी गाडी लागली. तेव्हापासून सगळे म्हणत आहेत की युनियन करू, आणि तुम्हाला लिहिता-बोलता येते तर तुम्हीच पुढे व्हा. ठेकेदार त्यांच्याच तालुक्यातला आहे. गाडीच्या डाऊन पेमेंटला त्याने ५० हजार रुपये बिनव्याजी दिले होते, ते फेडून झाले आहेत. त्याचे म्हणणे असे की, "तुम्ही गाडीमालक आहात. मालकांची कुठे युनियन असते का?" घरी पत्नीला भीती वाटते, कारण हप्त्याची दोन वर्षे बाकी आहेत. "पुढे होऊ, की गप्प राहून गाडी दुसरीकडे लावू?" असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर :

नमस्कार. पत्रासोबत तुम्ही एका दिवसाच्या रनशीटचा, म्हणजे दिवसभराच्या वाटपाच्या नोंदीच्या कागदाचा, फोटो पाठवला आहे, आणि त्या फोटोपाशी मी पत्रापेक्षा जास्त वेळ थांबले. त्या दिवशी तुमच्या गाडीत ९२ पार्सले चढली. ७१ पोहोचली, १३ ग्राहकांनी परत केली, ८ घरांना कुलूप होते. ७१ पार्सलांचे १२७८ रुपये झाले. मागच्या बाजूला तुम्ही पेन्सिलीने डिझेलचे ४५० लिहिले आहेत, आणि ११,७०० रुपयांचा हप्ता महिन्याच्या २६ दिवसांवर वाटून दिवसाचे आणखी ४५० धरले आहेत. उरले ३७८. टायर, सर्व्हिसिंग, विमा हे अजून त्यातून जायचे आहे, आणि तुम्ही सकाळी सातला हबवर पोहोचून संध्याकाळी सहाला मोकळे झाला होतात. आता त्याच कागदावरची दुसरी गोष्ट पाहा. ज्या २१ दारांपर्यंत तुम्ही गेलात, जिने चढलात, बेल वाजवलीत, फोन लावलात आणि पार्सल तसेच घेऊन उतरलात, त्यांचा हिशेब १८ रुपयांनी केला तर तोही ३७८ भरतो. म्हणजे दिवसभरात जेवढे तुमच्या हाती उरले, तेवढेच काम तुम्ही फुकट केलेत. तुमच्या कोंडीची सुरुवात मला या आकड्यापासून करावीशी वाटते, कारण युनियन करावी की नाही या प्रश्नाआधी ती कशासाठी करायची हे तुमच्या पत्रात कुठेच स्पष्ट आलेले नाही.

आधी ठेकेदाराच्या वाक्याकडे वळू, कारण ते तुमच्याही मनात घर करून बसले आहे असे दिसते. मालक तो, जो आपला दर ठरवतो, गिऱ्हाईक निवडतो, आज नको म्हणू शकतो आणि धंदा वाढला तर दुसरी गाडी घेतो. तुम्हाला रूट दुसरा कोणी देतो, वेळ दुसरा कोणी ठरवतो, अंगावरचा टी-शर्ट दुसऱ्याचा आहे, गाडी कुठे उभी आहे हे दुसऱ्याच्या मोबाईलवर दिसते आणि एक दिवस दांडी झाली तर दंड कापला जातो. यात मालकीचे तुमच्याकडे एवढेच आले की गाडी बिघडली तर खर्च तुमचा. कायद्यानेही हा प्रश्न नुसत्या कागदावरच्या नावावर सोडवलेला नाही. १९७८ साली केरळातल्या कालिकतच्या एका दोरखंडाच्या कारखान्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले होते. ठेकेदारांमार्फत आणलेले कामगार आमचे नाहीतच, असे कारखान्याचे म्हणणे होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पीठाने सांगितले की ज्याच्या धंद्यासाठी काम चालते आणि ज्याच्या हाती कामगाराच्या पोटापाण्याची दोरी असते, तोच खरा मालक. मधला ठेकेदार हा पडदा आहे आणि तो बाजूला सारून पाहावे लागते. खुद्द टपालाच्या क्षेत्रातही असेच घडले आहे. खेडोपाडी टपाल वाटणाऱ्या 'खात्याबाहेरच्या' माणसांना, ज्यांना आज आपण ग्रामीण डाकसेवक म्हणतो, सरकार आपले मानत नव्हते. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पदे सरकारी पदेच आहेत असा निर्वाळा दिला.

पण हे वाचून लगेच हुरळून जाऊ नका. कालिकतचे ते कामगार कारखान्याच्या आत बसून दोर वळत होते. तुमच्याकडे स्वतःच्या नावाची गाडी आहे, आणि न्यायालयात हा मुद्दा तुमच्या विरुद्ध नक्की मांडला जाईल. तुमच्यापैकी कोणी दुसरी गाडी घेऊन तिच्यावर चालक ठेवला असेल, तर त्याची बाजू आणखी लंगडी होते. असे वाद प्रत्येक प्रकरणातल्या वस्तुस्थितीवर ठरतात आणि त्यात वर्षे जातात.

म्हणूनच तुमच्या पत्रातले एक वाक्य मला खटकले. तुम्ही लिहिता, "पगारी १४ जणांचे वेगळे आहे, ते आमच्यात येणार नाहीत." मला हे नेमके उलटे वाटते. तुमच्या हबवर कायद्याच्या दृष्टीने सर्वांत भक्कम पायावर कोणी उभे असेल, तर ते हेच १४ जण. ते पगारावर चालवतात, गाडी त्यांची नाही, ते कंत्राटी कामगार आहेत याबद्दल फारसा वाद होऊ शकत नाही. ठेकेदाराने त्यांचा पगार बुडवला तर तो चुकता करण्याची जबाबदारी मूळ संस्थेवर येते, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते आणि नव्या कामगार संहितांतही राहिले आहे. कामगार संघटनेच्या नोंदणीसाठी किमान सात सदस्य अर्जदार लागतात, आणि आस्थापनेतले दहा टक्के किंवा १०० यांपैकी जो आकडा लहान असेल तेवढे कामगार सदस्य असावे लागतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हाच निकष आहे. ३८ माणसांच्या हबला सात पुरतात. हे सात अर्जदार पगारी चालकांमधले असले, तर तुम्ही कामगारच नाही हा आक्षेप पहिल्याच पायरीवर अर्ज अडवू शकणार नाही. तुम्ही गाडीवाल्यांनी सदस्य म्हणून बरोबर राहावे. उलट नुसत्या गाडीमालकांची संघटना काढून तुम्ही एकत्र दर ठरवू लागलात, तर तिला स्पर्धा कायद्याचा आक्षेप येऊ शकतो, आणि मग ज्याने तुम्हाला मालक म्हटले त्याचेच म्हणणे तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून दिल्यासारखे होईल.

यासाठी तुम्हाला १४ जणांकडे जावे लागेल, आणि तिथे अवघडलेपण आहे हे मी समजू शकते. तुम्हाला वाटते त्यांना महिना अखेरीला ठरलेले पैसे मिळतात. त्यांना वाटते तुम्ही गाडीवाले, तुमची ऐट वेगळी. एकदा शेजारी बसून दोन्ही हिशेब एका कागदावर मांडा. हप्ता, डिझेल आणि झीज वजा केल्यावर तुमच्या हातात त्यांच्या पगारापेक्षा किती जास्त उरते, ते सगळ्यांसमोर दिसू द्या. तुमच्या फोटोवरून मला तरी फारसे उरत नसावे असे वाटते.

आता ठेकेदाराचे उपकार. तुम्ही लिहिले आहे की शेठच्या विरोधात उभे राहणे म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणे. ही भावना खोटी आहे असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे गावाकडचा माणूस अडीनडीला उभा राहतो, तेव्हा त्याची किंमत रुपयांत करता येत नाही. पण त्यांनी दिलेले ५० हजार तुम्ही फेडलेत. त्यानंतरही जे राहते त्याला कृतज्ञता म्हणू या. ती त्यांच्या मुलीच्या लग्नात राबून, त्यांच्या आजारपणात रात्री गाडी काढून व्यक्त करता येते. परत आलेल्या पार्सलांचे पैसे सोडून देणे हा कृतज्ञतेचा मार्ग नव्हे, कारण तो निर्णय तुमच्या एकट्याचा नसून २४ गाडीवाल्यांच्या घरांचा आहे. शिवाय १८ रुपये हा दर शेठने एकट्याने ठरवला असेल, असे मला वाटत नाही. वरून निविदा निघते, सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला काम मिळते, आणि ती बोली जिथून कापता येईल तिथून म्हणजे तुमच्याकडून कापली जाते. उद्या ठेकेदार बदलला तरी हब तोच राहील, रूट तोच राहील आणि बहुधा गाड्याही याच राहतील. म्हणून तुमच्या मागण्यांचे पहिले पत्र ठेकेदाराबरोबर मूळ संस्थेच्याही नावे जाऊ द्या. शेठला ते पत्र जाण्याच्या आदल्या दिवशी स्वतः भेटून सांगा. त्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळले तर जे दुखेल, त्याला मात्र तुम्ही जबाबदार असाल.

युनियन म्हणताच तुमच्या पत्नीच्या डोळ्यांसमोर संप, गेट बंद आणि थकलेला हप्ता उभा राहतो. मुंबईच्या परिसरात गिरण्यांचा १९८२ चा संप पाहिलेल्या घरांतून ही भीती आजही आहे, आणि तिला अनुभवाचा आधार आहे. पण याच महाराष्ट्रात दुसरेही घडले आहे. ज्यांना एक मालक नव्हता, आज या गाळ्यावर आणि उद्या त्या गाळ्यावर ओझी वाहणारे जे हमाल होते, त्यांना पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायतीत आणि मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींच्या संघटनेत उभे केले. त्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. कामगार मंडळात नोंदवायचा, मालकानेही नोंदणी करायची आणि मजुरीबरोबर लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, मंडळाकडे भरायची, अशी त्याची रचना आहे. तो कायदा चालकांना जसाच्या तसा लागू नाही, त्यामुळे कोणी तुम्हाला माथाडीत बसवून देतो म्हणाले तर सावध राहा. सांगायचे एवढेच की मालक कोण हे बोट ठेवून दाखवता येत नसतानाही माणसे संघटित झाली आणि त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागली. भारतीय कामगार चळवळीचे आद्य पुरुष नारायण मेघाजी लोखंडे हेही गिरणीत येण्यापूर्वी काही काळ टपाल खात्यात नोकरीला होते. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली आणि १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. तुम्ही लिहिता की गेले तीन रविवार तुमची गाडी रस्त्यावर होती.

परदेशातली दोन उदाहरणे तुमच्या कामाशी इतकी जुळतात की ती सांगितल्यावाचून राहवत नाही. कॅनडात खेड्यांतले टपाल स्वतःच्या गाड्यांतून वाटणारे चालक कंत्राटदार मानले जात; टपाल महामंडळाच्या कायद्यातच अशी तरतूद होती की सामूहिक वाटाघाटीसाठी ते कर्मचारी नाहीत. त्यांनी आधी वाटाघाटीचा हक्क नसलेली साधी संघटना चालवली, टपाल कामगारांच्या मोठ्या युनियनला बरोबर घेतले, आणि १ जानेवारी २००४ पासून सुमारे सहा हजार चालक महामंडळाचे कर्मचारी झाले. गाड्या तेव्हाही त्यांच्याच होत्या. दुसरे उदाहरण दक्षिण कोरियाचे. तिथले कंत्राटी पार्सल चालक सकाळी गोदामात उभे राहून पार्सले वेगळी काढत, त्या तासांचे पैसे नसत. २०२० मध्ये अतिश्रमाने चालकांचे मृत्यू होऊ लागले, तेव्हा त्यांच्या युनियनने सगळे बळ या एकाच मुद्द्यामागे लावले, आणि २०२१ मध्ये सरकार, कंपन्या व युनियन यांच्यात झालेल्या समझोत्यात ते काम चालकांकडून काढून घ्यायचे ठरले. सरकारी टपाल खात्याचे कंत्राटी चालकही त्या लढ्यात होते.

कोरियाचे उदाहरण मी मुद्दाम दिले, कारण तुमच्या सहकाऱ्यांनी सुचवलेली मागण्यांची यादी "सर्वांना कायम करा" या वाक्याने सुरू होते. हे वाक्य कृपा करून पहिल्या पत्रातून काढा. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्टील ऑथॉरिटी या सरकारी पोलाद कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की एखाद्या कामात कंत्राटी पद्धतीवर बंदी आली, तरी कंत्राटी कामगार आपोआप मूळ संस्थेचे कायम कामगार होत नाहीत. कायम करून देतो असे सांगून वर्गणी गोळा करणारे पुढारी तुमच्या पट्ट्यातही भेटतील. सुरुवात मोजता येणाऱ्या गोष्टीने करा. दारापर्यंत जाऊन परत आलेल्या पार्सलला निदान अर्धा दर मिळावा. सीओडीची, म्हणजे पार्सल देताना ग्राहकाकडून घेतलेली, रोकड हबवर जमा करताना मोजून सही-शिक्क्याची पावती मिळावी, म्हणजे महिना अखेरीला "पैसे कमी भरले" म्हणून कपात होणार नाही. आजारपणात किंवा अपघातात रूट ठरावीक दिवस राखून ठेवावा. या तीन गोष्टी हबवरचा प्रत्येक चालक झोपेतही समजावून सांगू शकेल, आणि पहिल्या पत्रासाठी त्या पुरेशा आहेत.

अपघाताच्या बाबतीत मात्र युनियनची वाट पाहू नका. गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकाला जे सक्तीचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, ते मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे; पाय मोडून तीन महिने घरी बसल्यावर त्यातून मजुरी मिळत नाही. तुमच्या सहकाऱ्याला नेमका हाच धक्का बसला असावा. तात्पुरत्या अपंगत्वात दर आठवड्याला रक्कम देणारी वेगळी अपघात पॉलिसी मिळते, ती सगळ्यांनी मिळून घेता येते का हे विमा प्रतिनिधीला विचारा. पगारी १४ जणांना कामावर अपघात झाला तर भरपाईचा कायदेशीर हक्क आहे, हे त्यांनाही सांगा. असंघटित कामगारांसाठीच्या ई-श्रम या सरकारी पोर्टलवरची नोंदणी, ज्यांचा पीएफ किंवा ईएसआय कापला जात नाही त्या सर्वांनी करून टाकावी. दहा मिनिटांचे काम आहे.

"मी पुढे झालो तर पहिली माझीच गाडी काढतील" ही तुमची भीती खरी आहे, आणि तसे होणारच नाही असा शब्द मी देऊ शकत नाही. संघटनेत गेल्याबद्दल कामगाराला काढणे ही अनुचित कामगार प्रथा आहे, पण ती सिद्ध होईपर्यंत बँक थांबत नाही. त्यामुळे एकट्याने पुढे होऊ नका. लिहिता-बोलता येते म्हणून तुम्ही चिटणीस व्हा, अध्यक्ष पगारी चालकांमधला असू द्या, खजिनदार असा निवडा ज्याच्याकडे लोक आजही भिशीचे पैसे निर्धास्त ठेवतात. पत्रावर एकाची सही नको, सगळ्यांच्या सह्या एकदम आणि गोल मांडलेल्या असाव्यात, म्हणजे पहिली कोणाची हे कळत नाही. हे सगळे होण्याआधी गाडीच्या दोन हप्त्यांचे पैसे बाजूला पडू द्या; लागले तर त्यासाठी दोन महिने थांबा. ज्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रूट येतात, त्यावर यातले एक अक्षर लिहू नका. आणि आजपासून प्रत्येकाने रोजच्या रनशीटचा, कपातीच्या मेसेजचा आणि बँकेत जमा झालेल्या रकमेचा फोटो ठेवायला सुरुवात करावी. तोंडी निरोप देऊन काढून टाकलेल्या माणसाकडे बहुतेक वेळा तो तिथे काम करत होता याचाच पुरावा नसतो.

मोठ्या कामगार महासंघाशी जोडून घ्यावे की स्वतंत्र राहावे, हे तुम्ही नंतर ठरवू शकता. वकील आणि अनुभव त्यांच्याकडे असतो, हे खरे. जायचे ठरले तर पदाधिकारी तुमच्यातलेच राहतील, दरवर्षी निवडणूक होईल आणि जमाखर्च हबवर लावला जाईल, एवढे आधी लिहून घ्या. बाहेरच्या पदाधिकाऱ्यांच्या संख्येवर कायद्याने मर्यादा घातली आहे, ती नोंदणीच्या वेळी कामगार आयुक्त कार्यालयात विचारून घ्या. नव्या संहितांखालचे अर्जाचे नमुनेही तिथूनच घ्यावेत. बाहेर मिळणारे जुने फॉर्म भरून दोन महिने वाया घालवू नका.

राहिला गाडी दुसरीकडे लावण्याचा पर्याय. तो वाईट नाही, आणि तुम्ही तो निवडलात तर तुम्ही पळालात असे मी म्हणणार नाही. पण जाण्यापूर्वी त्या दुसऱ्या हबवरच्या कोणा चालकाला चहाला बोलवा आणि त्याची एका दिवसाची रनशीट पाहा. परत आलेल्या पार्सलांचा रकाना तिथेही कोराच असेल, तर तुम्ही फक्त रूट बदलाल, आणि इथे पाच वर्षांत जमलेली ३७ माणसांची ओळख मागे राहील.

निर्णय घेण्याआधी तो पेन्सिलीचा हिशेब पत्नीसमोर ठेवा. तुमच्या पत्रात त्यांची भीती आहे, पण त्यांचे मत नाही. घरखर्च त्या चालवतात, तर ३७८ रुपयांत दिवस कसा बसतो हे तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळते, आणि किती महिने कळ काढता येईल हा आकडाही त्यांच्याकडूनच घ्यावा लागेल. तो आकडा मिळाला की मग त्या १४ जणांपैकी ज्याच्याशी तुमचे बरे जमते, त्याच्याकडे जा.